आजोबांचं ऑइल पोर्ट्रेट करतोय, त्यातला मानेमागचा डार्क, म्हणजे गडद सावलीचा रंग, परत मेला!

मागच्या अपडेटच्या फोटोत मानेची सावली कशी खोल दिसत होती ना, ती सुकल्यावर पार राखाडी झालीये, पाटीवरचा खडू ओल्या बोळ्याने पुसल्यावर उरतो तसली. सिंकिंग, म्हणजे सुकताना रंगाची चमक आणि खोली जाणं. उजळ गाल आपल्या जागी ठीकठाक, पण त्याला उठाव देणारा डार्कच गेला म्हटल्यावर चेहरा चपटा.

व्हॅल्यूची, म्हणजे रंग किती गडद-फिका लागलाय त्याची, शंका होती म्हणून व्हाइट स्पिरिटचं (रंग पातळ करायच्या द्रावणाचं) फडकं हलकेच फिरवून बघितलं, तर तोच डार्क क्षणात जिवंत, आणि स्पिरिट उडालं की परत राख! म्हणजे रंग बरोबर आहे, त्यातलं तेल खाली शोषलं गेलंय. त्यात वापरलेला बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी मुळातच तसला, मँगनीजमुळे भराभर सुकतो आणि मॅट पडतो, त्यात हा रेडिमेड कॅनव्हास, प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) इतका कोरडा की तेल पीतच राहतो. स्वस्त पडतो पण परत घेणार नाही, पुढचा स्वतः प्राइम करणार.

मग ऑइलिंग आउट, म्हणजे शोषलं गेलेलं तेल वरून परत देणं. लिनसीडमध्ये (जवसाच्या तेलात) थोडं स्पिरिट, धागे न सुटणाऱ्या कापडाने फक्त मेलेल्या भागावर चोळायचं, जरा थांबायचं आणि जवळजवळ सगळं पुसून काढायचं, नुसती ओलसर लकाकी उरली पाहिजे. खालचा थर हाताला कोरडा लागल्याशिवाय अजिबात नाही, माझा फेट्याखालचा आयव्हरी ब्लॅक अजून चिकटतोय म्हणून तेवढा सोडला. आणि ती तेलकट फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका रे, आपोआप तापून पेटतात, पाण्याच्या डब्यात बुडवा.

जबड्याखालचा रिफ्लेक्टेड लाइट, सावलीत परावर्तित होऊन येणारा मंद उजेड, परत दिसला तेव्हा एकटाच हसलो. उजेडातल्या कानाची भिकबाळीही जमली, मोत्याला शुद्ध पांढरा एकच ठिपका, बाकी सगळा ग्रे आणि खालून त्वचेचा गरम रंग.

आता सगळ्या डार्कवर बर्न्ट सिएनाचं (तांबूस तपकिरी रंगाचं) ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, द्यायचं ठरलं होतं, पण हे टाइप करतानाच वाटतंय, कशाला? रेम्ब्रांटच्या म्हातारपणीच्या सेल्फ पोर्ट्रेट्समध्ये कपडे सरळ बॅकग्राउंडमध्ये विरून जातात, मग मान आणि बॅकग्राउंड एकाच मिक्सने, अल्ट्रामरीन निळा अधिक बर्न्ट सिएना, एका बैठकीत करून दोघांमधली कडाच घालवतो. अंबरला सुट्टी, ग्लेझ कॅन्सल. मिक्समध्ये थोडं अल्किड मीडियम (ऑइल रंग लवकर सुकवणारं मिश्रण) घालावं म्हणतोय, कुणी भर पावसाळ्यात वापरलंय का, किती वेळात सुकतं?