टनाचा दर आणि टबातले पाणी

१ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारी बंदी उठली की गोव्यात कोळंबीचे दिवस सुरू होतात, आणि आमच्यासारख्या कारखान्यांचे वर्षाचे गणित याच आठवड्यांवर उभे असते. दक्षिण गोव्यातील एका औद्योगिक वसाहतीत मासळी-प्रक्रिया कारखान्याचा गुणवत्ता विभाग मी सांभाळते. कुटबणच्या धक्क्यावरून येणारी कोळंबी, माणक्या (स्क्विड) आणि बांगडे साफ करून, गोठवून निर्यातीला पाठवणे हे आमचे काम. बाहेरच्यांना सहसा कल्पना नसते ती याची, की आत आलेल्या मालाचा केवढा मोठा वाटा कचऱ्यात जातो. कोळंबीचे डोके आणि कवच मिळूनच तिच्या वजनाच्या ४० ते ५० टक्के भरतात.

हा कचरा नेणारा ठेकेदार टनावर दर लावतो. गेल्या हंगामात त्याचे बिल एवढे वाढले की व्यवस्थापनाने तातडीची बैठक बोलावली. लेखा विभागाची सूचना ठरलेलीच होती : दर पाडून घ्या, नाहीतर ठेकेदार बदला. वर्षानुवर्षे बिले तपासणाऱ्या या मंडळींपैकी एकानेही मागच्या अंगणात येऊन, गाडीत नेमके काय भरले जाते हे पाहिलेले नव्हते. मी एक दिवसाची परवानगी मागितली. त्या दिवशीचा कचरा वजनाला नेण्यापूर्वी तासभर निथळू द्यायचा, एवढीच माझी मागणी होती.

आम्ही जाळीच्या तळाचे क्रेट एकावर एक रचले आणि खाली स्टीलचे पसरट तसराळे ठेवले. भरलेला टब क्रेटमध्ये ओतताक्षणी गुलाबीसर पाण्याची धार लागली. त्यात मिशांचे तुकडे, फुटलेल्या डोक्यांतला नारिंगी गर आणि न वितळलेल्या बर्फाचे खडे होते. तासाभराने टबाच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा तसराळ्यात उतरला होता. म्हणजे नळाचे पाणी आणि आम्हीच विकत घेतलेला बर्फ टनाच्या दराने पैसे मोजून आम्ही बाहेर पाठवत होतो. वजनकाट्यावरची पावती पाहून गाडीच्या चालकाने काटा बिघडल्याची शंका घेतली आणि गाडी मागे घेऊन पुन्हा चढवली. आकडा तोच आला.

पण निथळणे हा खरा उपाय नव्हे, कारण ते पाणी शेवटी आमच्याच सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेत जाते, आणि त्यात विरघळलेली प्रथिने व चरबी तिथला भार वाढवतात. पाणी टबात येते कुठून हे शोधायला मी सोलणीच्या हॉलमध्ये गेले. टेबलांखाली कवचांचा थर साचला होता आणि एक मुलगा पाइपाच्या जोरदार फवाऱ्याने तो नालीकडे लोटत होता. नालीच्या जाळीवरून तोच भिजलेला लगदा खोऱ्याने टबात भरला जात होता. सोलणीतल्या सर्वांत जुन्या मावशींना मी विचारले, तर त्या हात न थांबवता म्हणाल्या, “मॅडम, फरशीवर काही दिसता कामा नये, एवढंच आम्हाला सांगितलंय. आधी वायपरने ओढा, मग पाणी मारा, असं कोणी सांगितलं तर तसं करू. पण खाली पडूच द्यायचं नसेल तर हाताशी टब द्या.” इतकी वर्षे तपासणीला येणाऱ्यांनी फरशी लखलखीत असण्यावर शेरे दिले, ती लखलखीत करण्याची किंमत त्या बाईंनी दोन वाक्यांत सांगितली.

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक टेबलाच्या कडेला छिद्रांचे टब लावले, आणि तिथून पुढचा मार्ग आपोआप उघडला. न भिजलेले, वेगळे ठेवलेले आणि बर्फाच्या चुऱ्यात झाकलेले कवच हा कचरा राहत नाही. कवचातून कायटिन नावाचा पदार्थ काढणाऱ्या केरळातील कारखान्यांना ते हवे असते, मात्र ताजे. कोळंबीच्या डोक्यातील पाचकरस मेल्यानंतरही काम करत राहतात. आमच्या दमट उन्हात काही तासांतच डोके काळे पडून पाझरू लागते आणि घेणारा हात आखडतो. बांगड्याची डोकी व आतडी फिशमीलवाला, म्हणजे खाद्यासाठी माशांची भुकटी करणारा, घेतो. त्याला एक किलो भुकटीसाठी चार-पाच किलो कच्चा माल लागतो, पण त्यात एक जरी हातमोजा सापडला तरी तो अख्खी खेप परत पाठवतो, आणि ते रास्तच आहे. माणक्यांच्या पोटातला भाग मात्र मी कटाक्षाने वेगळा काढायला लावला, कारण त्यांच्या पाचकग्रंथीत कॅडमियम हा विषारी धातू साठतो आणि तो पशुखाद्यात जाणे मला कोणत्याही भावात मान्य नाही. एवढा भागच आता पैसे देऊन पाठवावा लागतो. ज्या दिवशी माशांचा कचरा गाडी भरण्याइतका नसतो, त्या दिवशी तो बारीक करून सुमारे तीन टक्के फॉर्मिक आम्ल घालून ठेवतो. सामू (pH) चारच्या खाली राहिला की तो सडत नाही, स्वतःच्याच पाचकरसांनी काही दिवसांत पातळ होतो आणि खाद्यासाठी वापरता येतो.

उचलीचे बिल उतरले, पाण्याचा वापर घटला आणि व्यवस्थापनाने बैठकीत टाळ्या वाजवल्या. माझ्या मनातून जात नाही ती पुढची गोष्ट. सोलणाऱ्या बायकांना सोललेल्या गराच्या किलोवर मजुरी मिळते. कवच नेमके टबात टाकणे, टब भरला की बदलणे, वर बर्फ पसरणे, यात जाणाऱ्या वेळेत त्यांचा गर कमी भरतो. जी बचत झाली ती त्यांच्या हातांनी झाली, आणि तिची भरपाई त्यांच्याच मजुरीतून झाली. मावशी तक्रार म्हणून नव्हे, हिशेब म्हणून हे बोलल्या : “पूर्वी दुपारपर्यंत जेवढं व्हायचं, तेवढं आता होत नाही.” उत्पादन व्यवस्थापकांचे उत्तर असे, की दर गराचा आहे, कवचाचा नाही. मला ते मुळीच पटत नाही, कारण कवच आता विकले जाते आणि त्याच्या पावत्या माझ्या कपाटात आहेत.

गराच्या दरात वाढ करावी किंवा टब बदलण्यासाठी प्रत्येक रांगेला एक वेगळी मदतनीस द्यावी, असा प्रस्ताव मी विक्रीच्या आकड्यांसह लेखी दिला आहे. मदतनीस देणे मला अधिक योग्य वाटते, कारण त्याने सोलणारीचा हात थांबणार नाही आणि कवचही ताजे राहील. उत्तर अजून आलेले नाही. नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी ते यावे यासाठी मी प्रस्तावाला मावशींच्या टेबलाचे पूर्वीचे आणि आताचे रोजचे वजनही जोडले आहे.