मुंबईच्या ट्रामची पोस्टकार्डं: तारखा लावायचं काम कुठवर आलं

पावसाळ्यात हाती आलेला जुन्या पोस्टकार्डांचा गठ्ठा आता बराचसा स्कॅन करून झालाय. बहुतेकांवर 'हॉर्नबी रोड, बॉम्बे' किंवा 'काळबादेवी रोड' यापलीकडे काही छापलेलं नाही, त्यामुळे वर्ष चित्रातूनच काढायचं.

नव्याने या छंदात आलेल्यांना सांगतो, रुळांवर विसंबू नका. मुंबईत ट्राम ९ मे १८७४ पासून धावू लागली ती घोड्यांच्या जिवावर, कुलाब्याहून पायधुणीपर्यंत आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीपर्यंत. विजेची पहिली ट्राम आली ७ मे १९०७ ला. म्हणजे रस्त्यात रूळ दिसले तरी तेहतीस वर्षांचा घोळ उरतोच. तो सुटतो वर बघून. खांब, आडव्या तारा आणि डब्याच्या टपावरचा, तारेतून वीज घेणारा तिरका दांडा दिसला की कार्ड १९०७ च्या पुढचं. फक्त रंगवलेल्या कार्डांपासून सावध राहा. माझ्याकडच्या दोन रंगीत कार्डांवर खांब जागच्या जागी आहेत आणि तारा मात्र आभाळाच्या निळ्या रंगाखाली गडप झाल्यात. आभाळ स्वच्छ दिसावं म्हणून त्या पुसल्या असणार. ट्राम कशी चालायची हे ज्याला माहीत नाही, त्याला यात काहीच खटकणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ ज्या एका कार्डावर गेला ते हॉर्नबी रोडचं, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रोडचं. उजवीकडे व्हिक्टोरिया टर्मिनस, मध्ये एकमजली ट्राम. मोठं करून पाहिलं तर टपावरचा दांडा मागे फ्लोरा फाउंटनच्या बाजूला कललेला आहे. दांडा नेहमी गाडीच्या मागच्या अंगाला असतो, म्हणजे ही ट्राम क्रॉफर्ड मार्केटकडे निघालीय. स्टेशनच्या दर्शनी भागावर ऊन आहे, आणि तो भाग पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे वेळ दुपारनंतरची. पायरीवर एक माणूस एका हाताने दांडी धरून उभा आहे, तो स्पष्ट आलाय. शेजारून चाललेल्या बैलगाडीची चाकं मात्र पुसट झालीत. म्हणजे ट्राम थांबलेली होती आणि बैल चालत होते!

त्याच कार्डात ट्रामच्या तारेच्या खांबालगत एक जुना काचेच्या पेटीचा दिवा आहे, गॅसचा. मुंबईत रस्त्यावर गॅसचे दिवे १८६५ पासून. इथे ट्राम विजेवर चालतेय, तिच्या खालचा रस्ता संध्याकाळी गॅसवर उजळणार आहे आणि माल बैलगाडीवर चाललाय. तीन जमाने एकाच चौकटीत! मला तर या कार्डांचं खरं मोल इथेच वाटतं. ट्राम चालवणारी आणि शहराला वीज पुरवणारी कंपनी एकच, १९०५ ची, जिला आपण सगळे बेस्ट म्हणून ओळखतो. तरी घरोघरी आणि रस्तोरस्ती वीज पोचायला वेळ लागला, आणि तो मधला काळ या फोटोंत साठून राहिलाय.

बाकीच्या कार्डांसाठी ज्या खुणा कामी आल्या त्या अशा. दुमजली ट्राम असेल तर १९२० चा सप्टेंबर किंवा त्यानंतर. रस्त्यावर बेस्टची मोटारबस असेल तर १५ जुलै १९२६ नंतर. फाउंटनजवळ दादाभाईंचा पुतळा दिसला तर १९२५ किंवा पुढे. काळा घोडा हा पुतळा जागेवर असेल तर १९६५ च्या आत, पण ट्रामच १९६४ मध्ये गेली, त्यामुळे आपल्याला त्याचा उपयोग नाही. मागच्या टपाल तिकिटावर सातव्या एडवर्डचा चेहरा असला तर चित्र १९११ च्या आसपासचं किंवा त्याआधीचं धरायला हरकत नाही. पंचम जॉर्ज असेल तर जपून, कारण जुनं चित्र पुढे कितीतरी वर्षं छापून विकलं जायचं. शिक्क्यावरून कार्ड कधी टपालात पडलं ते कळतं, फोटो कधी काढला ते नाही.

आता खटकणारी गोष्ट. गठ्ठ्यातली जवळजवळ सगळी कार्डं फोर्टातली, थोडी काळबादेवी आणि पायधुणीची. परळ, लालबाग, पोयबावडीचं एकही नाही. गिरणीच्या पाळ्या सुटल्यावर ट्राम कशी भरायची ते पोस्टकार्डवाल्यांनी टिपलंच नसावं, कारण कार्डं विकत घेणारा साहेब तिकडे फिरकत नव्हता. दादर टीटीच्या नावात ट्राम टर्मिनस आजही शाबूत आहे, पण तिथे उभ्या ट्रामचा चांगला फोटो मला अजून मिळालेला नाही.

म्हणून पुढचा मोर्चा घरगुती अल्बमांकडे वळवतोय. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली, म्हणजे पन्नाशीच्या दशकात कुणाच्या आजोबांनी बॉक्स कॅमेऱ्याने चाळीच्या गॅलरीतून काढलेला फोटो असू शकतो, पाठीमागे कोपऱ्यात अर्धी ट्राम आलेली. लग्नाची वरात, गणपतीची मिरवणूक, शाळेचा घोळका, काहीही चालेल. असं काही सापडलं तर फोटो अल्बममधून उचकटू नका, डिंकाने कागद फाटतो. पानासकट सपाट ठेवा, खिडकीच्या उजेडात वरून सरळ टिपा आणि मागे काही लिहिलेलं दिसत असेल तर तेही टिपून घ्या. डब्यावरचा मार्गाचा आकडा वाचता आला तर दुधात साखर, दादरचा १० नंबर मिळाला तर मला आधी कळवा.