कुआला कांगसारचं म्हातारं रबराचं झाड

मलेशियाच्या पेराक राज्यातलं कुआला कांगसार लोक सोनेरी घुमटांच्या मशिदीसाठी बघतात. मी मात्र आधी गाठलं ते जिल्हा कार्यालयाजवळचं रबराचं झाड. 1877 साली इथे लावलेल्या 9 रोपांपैकी एवढंच टिकलंय.

मूळ ॲमेझॉनचं. 1876 मध्ये हेन्री विकमने तापाजोस नदीकाठच्या सुमारे 70,000 बिया लंडनच्या क्यू उद्यानात पोचवल्या. ही ‘चोरी’ अजून चवीने सांगतात, पण त्या काळी ब्राझीलमध्ये बिया बाहेर नेण्यावर बंदीच नव्हती. अडचण होती ती बीचीच. रबर एरंडाच्या कुळातलं. बी तशीच ठिपकेदार, पण बरीच मोठी आणि तेलकट. धान्यासारखी वाळवली की मरते, ओली कोंडली की बुरसते. काही आठवड्यांतच उगवणशक्ती संपते आणि समुद्रप्रवासही तितकाच लांब. क्यूमध्ये उगवल्या जेमतेम 2,700. शंभराला चारही नाहीत.

रोपं नेणं त्यामानाने सोपं. वॉर्डियन पेटी म्हणजे काचेचं छप्पर असलेली बंद लाकडी पेटी. मातीतली ओल काचेला लागून परत खाली ठिबकते, शिवाय डेकवर ऊन मिळतं आणि खारं पाणी बाहेरच राहतं. अशा 38 पेट्यांतून 1,919 रोपं सिलोनला गेली. पुढच्या वर्षी 22 सिंगापूरला आली आणि त्यांतली 9 इथे.

झाडं वाढली, पण ज्याचं रबर बनतं तो चीक काढायचा कसा? ॲमेझॉनमध्ये कुऱ्हाडीने घाव घालत. घाव सालीखालच्या वाढीच्या थरापर्यंत गेला की तिथे गाठी येतात आणि नवी साल सपाट धरत नाही. 1888 पासून सिंगापूरचं उद्यान सांभाळणाऱ्या हेन्री रिडलीने तीच खाच पुन्हा पुन्हा उघडायची पद्धत बसवली: दर वेळी जेमतेम दीड मिलिमीटर साल तासायची, तीही पहाटे, कारण ऊन चढलं की चिकाचा दाब उतरतो. खाच डावीकडून उजवीकडे उतरती, साधारण 30 अंशांत. चिकाच्या नळ्या किंचित तिरक्या असल्याने अशा कापात त्या जास्त सापडतात. बुंध्याचा घेर 50 सेंटिमीटर होईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, सुरी लावायची नाही.

ॲमेझॉनमध्ये दाट लावलेल्या रबराची पानं एक बुरशी झोडपून काढते. ती या बियांबरोबर आली नाही, हे मलायाचं नशीब. त्यामुळेच दक्षिण अमेरिकेतून येणारी रबराची कलमं आजही आधी तिसऱ्याच देशात वेगळी ठेवून तपासतात.