तोडलेल्या जंगलात बसलेलं हरीण

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार जवळपास बंदच झाली. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिमेला मात्र दर ऑक्टोबरात परवाना आणि टॅग (मारलेल्या हरणाला लावायची चिठ्ठी) घेऊन लोक ब्लॅकटेल, म्हणजे काळ्या शेपटीच्या हरणामागे निघतात, तेही बहुतेक क्लिअरकटमध्ये. क्लिअरकट म्हणजे डग्लस फर या सूचिपर्णी झाडांचा अख्खा पट्टा एकदम तोडून नवी रोपं लावलेली जमीन.

तोडीनंतर साधारण तीन ते आठ वर्षांचा पट्टा सगळ्यांत चांगला. ऊन पोचतं, ब्लॅकबेरी आणि फायरवीड माजतात, चारा तोंडाशी येतो. पुढे फरच्या फांद्या एकमेकींना भिडल्या की खाली अंधार होतो आणि चारा संपतो.

नवखा माणूस उभं हरीण शोधतो, तिथेच फसतो. दिवसाचा मोठा भाग हरीण बसून रवंथ करत असतं. जागा बहुधा उताराच्या वरच्या भागात, माथ्याच्या जरा खाली: छोटी सपाटी, पाठीशी खुंट किंवा उपटलेल्या मुळांचा गड्डा, तोंड दरीकडे. माथ्यावरून येणारा वारा पाठीमागचा वास आणतो, खालचं डोळे सांभाळतात. ऊन चढलं की हवा दरीतून वर सरकते, मग खालचाही वास त्याला लागतो. म्हणून सरळ वरून किंवा खालून जाऊ नये. वारा गालावर घेत आडवं जावं.

त्याहून बरं म्हणजे समोरच्या उतारावर बसून १० बाय ४२ ची (दहापट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण तिकाटण्यावर लावावी आणि एकेक खुंट सावकाश तपासावा. पूर्ण हरीण दिसायची वाट बघू नका. उभ्या बुंध्यांमध्ये एक आडवी रेघ दिसते, ती पाठ. माशी हाकलताना कान फडकतो. ओलं काळं नाक चकाकतं. दुपारी ते अंग ताणायला क्षणभर उठतं आणि पुन्हा बसतं. तासभर पाहिलेल्या जागेवरून म्हणूनच परत नजर फिरवायची.

गोळी झाडण्याआधी हरणामागे माती आहे ना, हे बघायलाच हवं. माथ्यावर आकाशाला टेकलेल्या हरणावर कधीच नाही. अंगावर बाहेरून दिसणारं किमान ४०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी कापड बंदुकीच्या हंगामात सक्तीचं आहे.

सगळ्यांत जास्त घोळ नंतर होतो. दरी ओलांडून गेलं की सगळे खुंट सारखेच दिसतात आणि पडलेलं हरीण सापडत नाही. जागेवरून हलण्याआधी होकायंत्राने दिशा घ्या, हरणाजवळची ठळक खूण मनात धरा आणि स्वतःच्या जागी भडक फीत बांधा. चुकलात तर त्या फितीकडे बघून रेघ पुन्हा जुळवता येते.