दिवाणजींची वही आणि माझं पहिलं फ्रॅपे ॲप

काकांच्या कारखान्यात २४ माग आहेत. इचलकरंजीत हे काही मोठं काम नाही, आम्ही खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि आम्ही मजुरीवर कापड विणून द्यायचं. सगळा हिशोब दिवाणजींच्या वहीत. आठवड्याचा पगार काढायच्या आदल्या रात्री दिवाणजी आणि काका उशिरापर्यंत कॅल्क्युलेटर घेऊन बसतात हे मी लहानपणापासून बघत आलेय, म्हणून जेव्हा मला पायथन बऱ्यापैकी यायला लागलं तेव्हा म्हणलं या पगाराच्या हिशोबाचंच ॲप करायचं.

इआरपीनेक्स्ट, म्हणजे धंद्याचा हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर, माहिती होतं. बनवणारी मुंबईची कंपनी, २००८ पासूनची, आणि सगळा सोर्स उघडा, कुणीही घ्या आणि चालवा. त्यात अकाउंट्स, स्टॉक, खरेदी, विक्री असे मोड्यूल तयार आहेत, पण मला आवडलं ते त्याच्या खालचं फ्रॅपे (ॲप बनवायचा तयार सांगाडा), कारण त्या फ्रेमवर्कवर आपलं स्वतःचं ॲप बनवून ते इआरपीनेक्स्टच्या शेजारी त्याच साइटवर बसवता येतं. मूळ कोडला हातच लावायचा नाही. आपले बदल आपल्या ॲपमध्ये, म्हणजे उद्या नवीन व्हर्जन आलं तरी आपलं काम पुसलं जात नाही.

इन्स्टॉलवर जास्त लिहीत नाही. उबुंटू टाकलं, त्यावर लागणारी मारियाडीबी, रेडिस, नोड ही सॉफ्टवेअर, मग बेंच, म्हणजे फ्रॅपे चालवायचं कमांडचं साधन, दोन दिवस गेले पण झालं. बेंच न्यू-ॲप म्हणलं की नाव वगैरे विचारतो आणि फोल्डर तयार करून देतो, मग ते साइटवर इन्स्टॉल करायचं.

पहिली मोठी चूक इथंच झाली. मी डेव्हलपर मोड चालू न करताच डॉकटाइप बनवायला बसले. डॉकटाइप म्हणजे फ्रॅपेचा पाया, ब्राउझरमध्येच फील्ड मांडत जायचे, सेव्ह केलं की डेटाबेसमध्ये टेबल तयार, फॉर्म तयार, लिस्ट तयार, आणि ते इतकं पटकन होतं की आपण मागं काय चाललंय ते बघतच नाही. मी आठ दिवसात सहा डॉकटाइप केले आणि घरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर ॲप टाकून बघितलं तर तिथं काहीच नाही! डेव्हलपर मोड बंद असला की डॉकटाइप 'कस्टम' म्हणून फक्त त्या साइटच्या डेटाबेसमध्ये राहतो, ॲपच्या फोल्डरमध्ये त्याची जेसन फाइल (त्याची रचना लिहिलेली फाइल) पडतच नाही. सहाच्या सहा परत केले. तुम्ही शिकायला लागला असाल तर साइट कॉन्फिगमध्ये (साइटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) डेव्हलपर मोड १ करा आणि मगच पुढं जा, आणि पहिला डॉकटाइप सेव्ह केला की फोल्डर उघडून फाइल आलीय का ते डोळ्यानं बघा.

दुसऱ्यांदा करताना मात्र एक चांगलं झालं, मी आधी दिवाणजींच्या शेजारी बसले. पहिल्या वेळी माझ्या डोक्यात होतं की एक ताका (मागावरून उतरणारं कापडाचं एक थान) म्हणजे एक नोंद, त्यात कामगाराचं नाव, मीटर, मजुरी, झालं. दिवाणजी म्हणाले, "पोरी, ताका एकट्याचा कुठं असतो?" दिवसपाळीवाला अर्धा विणतो, पाळी बदलताना कापडावर आपली खूण करतो, पुढचा रातपाळीवाला विणतो, आणि ताका उतरून मोजला की खुणेप्रमाणं मीटर वाटले जातात. वहीत एका ताक्याखाली दोन, कधी तीन ओळी असतात. मी लहानपणापासून ती वही बघतेय पण त्या ओळी कशाच्या ते कधी विचारलंच नव्हतं. फ्रॅपेत याला चाइल्ड टेबल म्हणतात, म्हणजे ताका हा मुख्य डॉकटाइप आणि त्याच्या पोटात ओळी, प्रत्येक ओळीत कामगार, पाळी, मीटर. ओळींच्या मीटरची बेरीज ताक्याच्या मापाशी जुळली नाही तर सेव्हच होऊ द्यायचं नाही, ही मी स्वतः लिहिलेली पहिली अट. चार ओळींचा कोड आहे पण तो चालला तेव्हा मला फार भारी वाटलं.

मग मजुरी. आमच्याकडं ५२ पिकाचा (पीक म्हणजे एका इंचातले आडवे धागे) दर धरतात आणि बाकीच्या कापडाचा त्या प्रमाणात काढतात. समजा ५२ पिकाला मीटरमागं १ रुपया १० पैसे धरले, तर ६० पिकाला १.१० गुणिले ६० भागिले ५२. हे मी आधी क्लायंट स्क्रिप्टमध्ये लिहिलं, म्हणजे फॉर्मवर मीटर टाकले की लगेच रक्कम दिसते, बघायला छान वाटतं. पण मागच्या महिन्याच्या वहीतल्या नोंदी एक्सेलमध्ये भरून डेटा इम्पोर्टनं आत घेतल्या तर सगळ्यांची मजुरी शून्य. क्लायंट स्क्रिप्ट ब्राउझरमधल्या फॉर्मवरच चालते, इम्पोर्ट फॉर्म उघडतच नाही. म्हणून खरा हिशोब कंट्रोलरच्या व्हॅलिडेटमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या कोडमध्ये, पाहिजे, तिथं नोंद फॉर्ममधून येऊ दे, इम्पोर्टमधून येऊ दे नाहीतर मोबाइलवरून, सेव्ह होताना तो चालतोच. फॉर्मवरचं गणित फक्त भरणाऱ्याला आकडा लगेच दिसावा म्हणून ठेवायचं.

ते केलं तरी दिवाणजींची वही आणि माझ्या ॲपमधला पगार जुळेना, प्रत्येक ताक्याला पाच-आठ पैशांचा फरक. कारण मी दशांश तसेच पुढं नेत होते, १.२६९२३ गुणिले ११० मीटर म्हणजे १३९.६२. दिवाणजी आधी दर पैशात बसवतात, १.२७, आणि मग गुणतात, १३९.७०. आठ पैसे म्हणजे काय असं वाटेल, पण कामगार स्वतःच्या डायरीत हाच हिशोब ठेवतो, आणि त्याची डायरी आणि आपला कागद जुळला नाही तर तो कागदावर विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. त्यामुळं दर आधी दोन दशांशात बसवला.

दर बदलतो तेव्हाची अडचण वेगळीच. मी दर कापडाच्या मास्टरमधून (कापडांच्या मूळ यादीतून) फेच फ्रॉम लावून, म्हणजे आपोआप, ओढत होते. दर वाढवला आणि कुणीतरी जुनी ड्राफ्ट (कच्ची) नोंद उघडून सेव्ह केली की नवीन दर आत! म्हणून आता दराची वेगळी यादी आहे, लागू झाल्याच्या तारखेसकट, आणि ताक्याची तारीख बघून त्या दिवशीचा दर निवडला जातो.

या सगळ्यात मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे सबमिट. फ्रॅपेत डॉकटाइपला सबमिटेबल केलं की नोंद आधी ड्राफ्ट असते, सबमिट केली की बंद, त्यात बदल करता येत नाही. चुकली तर कॅन्सल करायची आणि अमेंड (दुरुस्त) करून नवी काढायची, तिच्या नंबरापुढं -१ लागतो आणि जुनी तशीच दिसत राहते. दिवाणजींना हे समजावून सांगायला गेले तर त्यांनी वही उघडून दाखवली. त्यांच्या वहीत कुठंही खाडाखोड नाही, चुकलेली ओळ लाल शाईनं एकच रेघ मारून रद्द, खालचं वाचता येतंय, आणि दुरुस्त ओळ तिच्या खाली. ते हे चाळीस वर्षं करतायत. त्या दिवसापासून ते माझ्याशी ॲपबद्दल बोलताना 'लाल रेघ मारली' असंच म्हणतात, आणि मी पण तेच म्हणायला लागलेय.

एक छोटी गोष्ट, कुणाला तरी उपयोगी पडेल. पगाराची चिठ्ठी मराठीत पाहिजे होती, स्क्रीनवर नीट दिसायची आणि पीडीएफ काढली की नुसते चौकोन. सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नव्हता, नोटो नावाचा फॉन्ट टाकला आणि सुटलं.

गेले तीन आठवडे वही आणि ॲप दोन्ही चालू आहेत, काकांनी सांगितलंय की वही बंद करायचं दिवाणजी ठरवतील.

आता बीमचं (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) काढलंय. सायझिंगमधून (सुताला खळ लावतात तिथून) बीम येताना त्यावर किती मीटर ते लिहून येतं, त्यातून किती ताके उतरले आणि शेवटी किती कमी पडलं हे व्यापाऱ्याला दाखवावं लागतं. सूत आपलं नाही, त्यामुळं ते आपल्या स्टॉकच्या किमतीत धरायचं नाही पण वजन तर ठेवायचंय. इआरपीनेक्स्टच्या आयटममध्ये ग्राहकानं दिलेला माल अशी खूण करता येते ती वापरून बघतेय, पण बीम हा आयटम ठेवू की वेगळा डॉकटाइप करून ताके त्याला जोडू हे अजून ठरत नाहीये. जॉबवर्क, म्हणजे आमच्यासारखं मजुरीवर काम, करणाऱ्या कुणी हे केलं असेल तर कसं मांडलं ते सांगा.