मॅनिफोल्ड लेआउट: नदी एकदाची आटली!

मंडळी, इंग्लंडमधल्या मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यातल्या छोट्या रेल्वेचं मॉडेल करतोय. त्यात वेटन मिलच्या खाली नदीचं पाणी संपवायचं कसं, यावर अडलेलं घोडं एकदाचं हललं.

वरचा भाग सोपा होता. एक्टनला चुनखडी लागेपर्यंत नदी सरळ वागते. मग उन्हाळ्यात वेटन मिलपाशी जमिनीत शिरते, ती थेट आयलम हॉलच्या आवारात उसळून वर येते आणि पुढे डव्ह नदीला मिळते. मधलं पात्र ठणठणीत कोरडं, बटरबरच्या रुंद पानांनी भरलेलं. नदी बुडते तिथे बुचं टाकून ती खाली जाळ्यात धरली, असं आयलमच्या माळ्यानं सांगूनही अठराव्या शतकातले इंग्रज लेखक डॉ. जॉन्सन यांना पटलं नव्हतं. मॉडेलमध्ये पाणी म्हणून ओततो त्या रेझिनलाही पटत नाही.

बांध घालून ओतलं, तर पाणी सुरीनं कापल्यासारखं थांबतं. बांध काढला, तर रेझिन खडीत झिरपतं आणि सकाळी कोरडं पात्र चिंब दिसतं. त्यात पुण्याचा जुलै. दमट हवेनं वरचा थर दुधी. ऑनलाइन मागवलेलं महागडं ‘क्रिस्टल क्लिअर’ तर पिवळंच पडलं. बोहरी आळीतलं सुटं रेझिन परवडलं.

तोडगा फोटोंत होता. खरी रेल्वे १९३४ मध्ये बंद झाली, रुळांच्या जागी आता पायवाट आहे, त्यामुळे पात्राचे फोटो मुबलक मिळतात. ही नदी एका रेषेवर संपतच नाही. फटीफटींतून गळत जाते: धार बारीक होते, मग सुटी डबकी, मग नुसते गोटे. मग बांध कशाला? खडीला पातळ फेव्हिकॉलचे दोन हात दिले, खडखडीत वाळू दिलं आणि ड्रॉपरनं एकेक डबकं भरलं, दर थर जेमतेम मिलिमीटरभर. काठच्या गोट्यांवर ग्लॉस वार्निश. शेवटचं डबकं नखाएवढं झालंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच दाखवतो.

मॉडेलचे रूळ अजून हल्म एंडलाच, म्हणजे टोकाच्या स्टेशनातच, आहेत. ००९ मध्ये (फुटाला ४ मि.मी. प्रमाण, रूळ ९ मि.मी. अंतरावर) अडीच फुटी गेज जरा अरुंदच दिसतं, पण बार्शी लाइट रेल्वेवाल्या इंजिनिअर कॅलथ्रॉपसाहेबांची गाडी म्हटल्यावर चालवून घेतो. आता ‘जे. बी. अर्ल’ या इंजिनाला हात घालणार होतो...

थांबा. पात्राचा तुकडा काढता-घालता आला तर? एक उन्हाळी, एक हिवाळी दुथडी. इंजिन राहू दे. पण उन्हाळ्यात मॅनिफोल्डला मिळणारी हॅम्प्स नदीही कोरडी, म्हणजे बीस्टन टॉरचा संगमही कापायला हवा. तिथला पूल अजून चिकटवलेला नाही, नशीब! फोमचे तुकडे चुंबकावर कुणी बसवलेत का? सांधा स्टॅटिक ग्रासखाली (मॉडेलच्या नकली गवताखाली) लपतो का, तेवढं सांगा. करवत शनिवारी चालवतोय.