अलिबागच्या किनाऱ्यावर होकायंत्राचा माग

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये सुकाणूजवळ होकायंत्र होते. पण एका अंगाला घारापुरी आणि पुढे करंजाचा डोंगर दिसत असल्याने त्याकडे पाहण्याची गरज कोणाला भासली नाही. कोकणच्या दर्यावर्दींना या यंत्राची निकड कितपत होती, हा प्रश्न मनात घेऊनच मी अलिबागला निघालो होतो.

ओहोटीला पायी कुलाबा किल्ल्यात गेलो. तटावरून किनारा न्याहाळताना उत्तराचा एक भाग आपोआप मिळाला. आंग्र्यांची गुराबे आणि गलबते ही जहाजे बहुतांशी किनाऱ्याच्या टापूतच वावरत, आणि जिथे डोंगरमाथे, बुरूज, देवळांची शिखरे ओळखीची आहेत तिथे त्या खुणांवरच तांडेल, म्हणजे जहाजाचा म्होरक्या, वाट काढतो. अरबस्तानाकडे जाणारी जहाजे ईशान्य मोसमी वाऱ्यांवर, म्हणजे हिवाळ्यातल्या निरभ्र आकाशाखाली निघत. त्यांना नक्षत्रे पुरत. अरब नाखवे गाठी मारलेली दोरी आणि छोटी फळी, म्हणजे ‘कमाल’, घेऊन ध्रुवाची उंची मोजत. अलिबागहून ध्रुव क्षितिजावर सुमारे साडेअठरा अंश दिसतो, आणि तेवढ्यावर आपण किती उत्तरेला आहोत हे कळते.

होकायंत्राचे महत्त्व वाढले ते ढगाळ समुद्रांवर. चिनी विद्वान शेन कुओ याने 1088 च्या सुमारास चुंबकसुईचे वर्णन केले आणि ती नेमकी दक्षिणेकडे नव्हे, तर किंचित बाजूला वळते हेही टिपले. पुढे 1119 मधील एका चिनी ग्रंथात नाविक रात्री तारे, दिवसा सूर्य आणि अंधारलेल्या हवेत सुई पाहतात असे लिहिले आहे. म्हणजे सुई तिसऱ्या क्रमांकावर होती! बाराव्या शतकाच्या अखेरीस ती युरोपीय लेखनात दिसते, आणि भूमध्य समुद्रात एरवी हिवाळ्यात बंद राहणारी वाहतूक नंतरच्या काळात सुरू राहू लागली, त्याचे बरेचसे श्रेय तिला दिले जाते.

मात्र शेन कुओने पाहिलेला तो कल ठिकाणागणिक निराळा असतो आणि काळानुसार बदलतोही. तो न ओळखता लांबचा प्रवास केला, तर पाच अंशांच्या फरकाने शंभर मैलांत जहाज जवळजवळ नऊ मैल भरकटते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने अटलांटिकमध्ये फिरून या कलाचा नकाशा 1701 मध्ये प्रसिद्ध केला, पण असा नकाशा जुना होतो. म्हणून कोणीतरी एका जागी ठाण मांडून सतत मोजत राहावे लागते, आणि मला वाटते, होकायंत्राच्या इतिहासात कोकणचा खरा वाटा इथे आहे.

मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय नोंदी 1841 पासून होत होत्या. सप्टेंबर 1859 च्या प्रचंड सौरवादळात तिथे क्षैतिज चुंबकीय तीव्रता, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा जोर, सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी (चुंबकत्व मोजण्याचे एकक) घसरल्याची नोंद आहे, आणि त्या वादळाच्या अभ्यासात ती आजही वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील हे उघड होते. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात अलिबागची जागा निवडली गेली आणि 1904 पासून इथे मोजणी सुरू झाली. दुवा तुटू नये म्हणून काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी वाचने घेतली, ही दक्षता मला फार मोलाची वाटते. समुद्राजवळची ती वेधशाळा मी बाहेरूनच पाहिली. चुंबकाला न बाधणारे साहित्य निवडून बांधलेल्या तिच्या खोल्यांत आजही नोंदी होतात. भरतीओहोटीच्या वेळा विचारत किल्ल्याकडे निघालेल्या पर्यटकांपैकी तिकडे वळून पाहणारा मात्र मला दिसला नाही.

संध्याकाळी कोळीवाड्यात एका तांडेलांशी बोललो. जीपीएस आल्यापासून होकायंत्र मागे पडले, तरी होडीत ते असतेच, असे त्यांनी सांगितले. चुंबकीय कल या किनाऱ्यावर एक अंशाहून कमी असल्याने त्याची वजाबाकी त्यांना कधी करावी लागलेली नाही. त्यांना त्रास होतो तो लोखंडाचा: इंजिन, नांगर, एखादा स्पीकर यंत्राच्या फार जवळ आला की सुई हटते, म्हणून त्याची पेटी केबिनमध्ये या सगळ्यांपासून शक्य तितकी दूर बसवलेली असते.